मोरजकर सरांची दुसरी बाटली

रविवार, २१ डिसेंबर १९८६. तुये, मोरजकर सरांचं घर. हजर माणसं आणि कोणी किती घेतली:

मोरजकर सर: तीन ग्लास.
दादा: दोन.
पाटील: दोन, त्यातला दुसरा अर्धा टाकला.
सुमतीवयनी: काही नाही.
मी: काही नाही.

हा कागद मी त्या दिवशी दुपारी सव्वातीनला लिहिला. यादी करायची मला पहिल्यापासून सवय आहे. बाजारात जायचं असो की कुणाचं लग्न ठरवायचं असो, मी आधी कागद घेते. ही यादी मात्र सरांनी करायला लावली. "शोभा, बरय. कोणें कितलें घेतलें तें बरय. वेळ घाल," एवढंच ते म्हणाले. बरय म्हणजे लिही. ओळी उजवीकडे खाली उतरत गेल्या आहेत. आणि शेवटची ओळ खोटी आहे.

मोरजकर सर डिचोलीतल्या एका खाण कंपनीच्या प्रयोगशाळेत मुख्य केमिस्ट होते. खाणीवरून आलेल्या मातीत लोखंड किती टक्के, हे त्यांच्या सहीनं ठरायचं आणि त्या सहीवर जहाज भरायचं. मी तिथे स्टोअरची कारकून. वय चोवीस. लाटंबार्स्याहून बसनं यायचे. प्रयोगशाळेसमोरून दिवसभर मातीनं भरलेले टिपर ट्रक जायचे आणि आमच्या टेबलांवर, फायलींवर, चहाच्या कपांच्या कानांतसुद्धा तांबडी धूळ बसायची. सर सकाळी पांढराशुभ्र बुशशर्ट घालून यायचे आणि संध्याकाळी त्याचा रंग गुलाबी झालेला असायचा. रोज. "रंगीत घाला की, सर," असं कुणी म्हटलं तर म्हणायचे, "मग धूळ किती बसली ते कळणार कसं?"

त्यांचा एक नियम होता. लेबल नाही ती बाटली रिकामी समजायची. आत काय आहे, कुणी भरलं, कधी भरलं, या तीन गोष्टी बाटलीवर नसतील तर ती उचलायची आणि मोरीत ओतायची, मग आत अमृत का असेना. मी नोकरीला लागले त्याच आठवड्यात त्यांनी खिडकीतली एक बाटली सगळ्यांसमोर ओतून टाकली. आमचा सॅम्पलर, म्हणजे मातीचे नमुने गोळा करणारा, बाजीराव पाटील, मूळ कोल्हापूरकडच्या एका खेड्यातला, धावत आला.

"अवो सर, आईनं पाठवलेलं तेल हुतं ते. डोक्याचं."

"आईला सांग, पुढच्या वेळी लेबल लाव."

पाटलानं खरंच सांगितलं असावं. दिवाळीनंतर तो नवी बाटली घेऊन आला, तिच्यावर वहीच्या कागदाची पट्टी खळीनं चिकटवलेली: 'बाजीचे तेल. डोक्याचे. आईने भरले. पाडव्याला.' सरांनी ती दोनदा वाचली आणि पाटलाला म्हणाले, "तुमच्या आईला नोकरी देतो, येतात का विचार."

दुसरा नियम वाचनाचा. ब्युरेटवरचा, म्हणजे द्रव मोजायच्या काचेच्या नळीवरचा, आकडा एकट्यानं वाचायचा नाही. पहिलं वाचन सरांचं. ते कागदावर लिहून पालथं घालायचे. मग दुसरा माणूस वाचणार. दोन्ही जुळलं तरच वहीत. दुसरा माणूस म्हणून ते हळूहळू मलाच बोलवायला लागले. मी केमिस्ट नव्हते, पण जे दिसतं तेच सांगते आणि साहेबाचा चेहरा बघून सांगत नाही, असं त्यांचं मत होतं. स्टोअरमधून हाक यायची, "शोभा, दोळे घेवन यो."

अशा माणसाचा घरचा एकच शौक होता, आणि तोही त्यांनी प्रयोगशाळेसारखाच चालवला होता. तरुणपणी जहाजावर नमुने घ्यायला जायचे तेव्हा एका म्हाताऱ्या स्टुअर्डनं त्यांना गिमलेट करायला शिकवलं. जिन आणि लिंबाचा पाक, बस्स. पाक ते शनिवारी रात्री घरीच घालत. लिंबाची साल पांढरा भाग न येऊ देता सोलायची, साखरेत चोळून ठेवायची, सकाळी तिला सुटलेल्या तेलात रस घालून गाळायचं. शिजवायचं नाही. शिजवलं की कडू होतं. मग साठ मिलीलीटर जिन, वीस मिलीलीटर पाक, मोजायला काचेचा मोजसिलिंडर, घरासाठी वेगळा घेतलेला, त्यावर लेबल: 'खाण्यापिण्याचा. प्रयोगशाळेत नेऊ नये.' बर्फात तीसपर्यंत मोजून ढवळायचं आणि गाळून ओतायचं. सोडा मागणाऱ्याला सोडा मिळायचा, पण त्याच्याकडे सर अशा नजरेनं पाहायचे की तो पुढच्या वेळी मागत नसे. महिन्यातून एक रविवार, दोन ग्लास, जेवणाआधी. त्यापलीकडे नाही.

त्या डिसेंबरात त्यांना पन्नास पूर्ण झाली. सरांच्या बायकोनं, सुमतीवयनींनी, आम्हाला जेवायला बोलावलं. माझा मोठा भाऊ शाम, म्हणजे दादा, तेव्हा आमच्याच कंपनीचा टिपर चालवायचा, त्याला सर ओळखत होते, म्हणून त्यालाही बोलावणं होतं. त्याचं लग्न मे महिन्यातलं ठरलेलं. आम्ही मोटरसायकलवरून निघालो. पाटील म्हापशाच्या बसनं येणार होता आणि तो पोचेल की नाही याचीच शंका होती, कारण गोव्याची राजभाषा कोकणी की मराठी, याचं आंदोलन पेटलं होतं. म्हापशाच्या पुढे झाडं तोडून रस्त्यावर आडवी टाकलीत, अशी बातमी आदल्या दिवसापासून होती. मांडवीवरचा पूल तर पावसाळ्यातच पडला होता. पणजीला जायचं म्हणजे फेरीबोट, आणि तीही त्या दिवशी चालेल याची खात्री नव्हती. आम्ही उत्तरेकडचे, आमच्या भागात वाहतूक चालू होती. पण वाटेत माणसं चौकाचौकांत उभी राहून येणाऱ्या गाड्यांकडे बघत होती आणि दादा एकदाही थांबला नाही.

पाटील पोचला होता. तो पायरीवर बसून वयनींना चिडवत होता, "वयनी, आता मला मराठी बोलल्याबद्दल जेवायला नाही मिळणार का?"

वयनी आतूनच म्हणाल्या, "जेवण मेळटलें. पूण कोंकणींत मागचें पडटलें."

"मग उपाशी मरतो मी."

सर कोकणीच्या बाजूचे होते आणि वर्तमानपत्र मराठी घ्यायचे. दोन्ही गोष्टी ते लपवत नसत.

मी येताना आमच्या काजूच्या भट्टीची फेणी आणली होती. बाबांनी एप्रिलमध्ये काढलेली, रसाच्या जुन्या बाटलीत भरलेली. सरांनी ती हातात घेतली, फिरवून पाहिली आणि सरळ मोरीकडे निघाले. मी म्हटलं, "सर, बाबांनी दिलीय." ते थांबले. टेबलाच्या खणातून डिंक आणि पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली. मी लिहिलं: 'काजूची फेणी. बाबांनी भरली. एप्रिल.' त्यांनी ते वाचलं, बोटानं दाबून चिकटवलं आणि फेणीला कपाटात जागा मिळाली.

दादानं मात्र जिनची बाटली आणली होती. चांगल्या कंपनीची, छापील लेबल, झाकणावर पट्टी. सरांनी लेबल वाचलं, मान डोलावली आणि ती बर्फाच्या पाण्याच्या बादलीत उभी करून ठेवली.

पहिला ग्लास सरांच्या स्वतःच्या बाटलीतला झाला. ती तेवढ्यात संपली. दुसरा ग्लास दादाच्या बाटलीतला. मी आत वयनींबरोबर नारळ खवत होते. थोड्या वेळानं वयनी बाहेरून एक अर्धा भरलेला ग्लास घेऊन आल्या, वर बशी झाकलेली.

"तुजें दुसरें वाचन," त्या हसू दाबत म्हणाल्या. "पाक कडू जाला काय कितें, तें सरांनीं तुका विचारलां. तुज्या भावाक सांगूं नाका म्हण."

मी कधी घेतली नव्हती. ती चव मला अजून आठवते: आधी गार, मग सालीचा वास, मग जिभेच्या कडेला आंबट. कडू नव्हता. मी सगळा संपवला आणि ग्लास विसळून पालथा घातला. बाहेर सरांनी स्वतःसाठी तिसरा केला. पन्नाशीचा म्हणून, असं ते वयनींकडे न बघता म्हणाले. पाटलानं अर्धा टाकला, कारण त्या दिवशी घरात सोडा नव्हता.

जेवण झालं. सर आवराआवर स्वतः करत. त्यांनी बादलीतून दादाची बाटली उचलली. तिच्यात तळाला चार बोटं जिन उरली होती. बाटली हातात आली आणि लेबल त्यांच्या तळव्याला चिकटून राहिलं.

यात बाकीच्यांना काही वेगळं वाटलं नाही. मला वाटलं, कारण स्टोअरसाठी रिकाम्या बाटल्या मीच धुवून घ्यायचे. कंपनीचं लेबल पाण्यात रात्रभर भिजवावं लागतं आणि तरी नखानं खरवडावं लागतं. हे दीडदोन तासांत आख्खं सुटलं होतं, मागच्या बाजूला गव्हाच्या खळीचे पांढरे गोळे. पाटलाच्या आईच्या पट्टीसारखे. आणि काचेवर खाली दुसऱ्याच लेबलाची चौकोनी खूण होती.

सरांनी तळव्याकडे पाहिलं. मग दादाकडे.

"शाम, ही खंयची?"

"दुकानातली."

"खंयच्या दुकानातली?"

सर आवाज चढवत नसत. त्यांनी खुर्ची ओढली आणि दादाच्या समोर, गुडघ्याला गुडघा लागेल इतकं जवळ बसले.

"पळय, माका रागावपाक वेळ ना. सांग."

दादानं सांगितलं. औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात काम करणारा ओळखीचा माणूस होता. तो घरी भरून द्यायचा. स्पिरिट कारखान्यातलं, एकदम शुद्ध, असं त्याचं म्हणणं. कोणता कारखाना, ते दादाला माहीत नव्हतं. "आदीं घेतलेली, सर. कायएक जालें ना. देवाची आण."

पाटील अजून हसत होता. "म्हणजे डुप्लिकेट. जाऊ द्या की सर, चव बरी हुती."

सरांनी चमच्यात थोडी जिन घेतली आणि काडी लावली. निळी ज्योत. त्यांनी ती विझेपर्यंत पाहिली आणि चमचा खाली ठेवला.

"ह्यातून काही कळत नाही," ते पाटलाला मराठीतून म्हणाले. "पिण्याचं स्पिरिट असंच जळतं आणि विषारीही असंच जळतं. वासही तोच. चवही तीच. फरक एवढाच, की दुसऱ्यानं आज काही होत नाही. उद्या होतं. आधी डोळे जातात."

पाटलाचं हसू ओसरलं. सर मला म्हणाले, "शोभा, बरय."

मी चार नावं लिहिली. पाचवं माझं. दादा माझ्या खांद्यावरून वाकून कागद वाचत होता, त्याचा श्वास माझ्या कानाला लागत होता. मरायची भीती होती. आणि दादाला कळायची भीती होती. त्या क्षणी दुसरी मोठी ठरली, हे आज लिहायला लाज वाटते, पण तसंच झालं. मी लिहिलं, 'काही नाही.' सरांनी कागद घेतला, वरपासून खालपर्यंत वाचला. शेवटच्या ओळीवर त्यांची नजर थांबली. ग्लास त्यांनीच पाठवला होता. त्यांनी कागद घडी घालून मला परत दिला.

तुयेच्या आरोग्य केंद्रात त्या दिवशी एक तरुण डॉक्टरीणबाई एकट्याच होत्या. आम्ही सगळेच चालत गेलो. त्यांनी प्रत्येकाच्या डोळ्यांत बॅटरी मारली, नाडी पाहिली, बांबोळीच्या मोठ्या हॉस्पिटलला फोन लावला. बराच वेळ लागेना. लागला तेव्हा पलीकडून सांगितलं की गाडी पाठवता येत नाही, आणि तुम्ही पाठवू नका, मध्येच अडकतील.

डॉक्टरीणबाईंनी फोन ठेवला. सरांना म्हणाल्या, "तुम्ही केमिस्ट ना? मग तुम्हाला उतारा माहीत असेल."

"माहीत आहे. पण खात्रीची हवी."

"आहे का?"

सरांनी माझ्याकडे पाहिलं. "आसा," ते म्हणाले.

विषारी स्पिरिटवर पिण्याची चांगली दारू हाच उतारा असतो, हे मला त्या दिवशी कळलं. चांगली दारू शरीरात असली की विषाला कामाला लागायला जागा मिळत नाही, असं काहीसं त्यांनी समजावलं. ती ठरल्या मापानं, ठरल्या वेळानं, रात्रभर द्यायची. डॉक्टरीणबाईंनी वजनं विचारून माप लिहून दिलं, दर तीन तासांनी स्वतः येऊन बघते म्हणाल्या आणि शब्द पाळला. म्हणून मग सरांच्या घरी परत आल्यावर छापील लेबल सुटलेली बाटली टेबलाच्या एका टोकाला, हात न लावता, आणि दुसऱ्या टोकाला रसाच्या जुन्या बाटलीतली आमच्या बाबांची फेणी. सर मोजसिलिंडर डोळ्यांच्या पातळीला धरून एकेक माप ओतत होते. दुपारी गिमलेट ओतताना जसं ओततात तसंच, एक थेंब इकडे नाही, तिकडे नाही. फक्त मनगट दुसऱ्या हातानं धरलेलं.

वयनी मला स्वयंपाकघरात हाक मारून एक स्टीलचा पेला द्यायच्या. ओव्याचा काढा. त्यात फेणी असायची. सरांनी वयनींना काय सांगितलं आणि कसं सांगितलं, मला ठाऊक नाही. त्यांनी मला एक शब्द विचारला नाही. एकदा दादा आत आला.

"काढ्याक फेणीचो वास येता गो."

वयनी म्हणाल्या, "घराक सगळ्याक फेणीचो वास मारता, शाम. सुरवात तुज्या तोंडाकडल्यान जाता."

डोळे तपासायला सरांनी भिंतीवरचं कॅलेंडर धरलं. जमिनीवर खडूनं रेघ मारली. दर तासानं प्रत्येकानं रेघेवर उभं राहायचं आणि बारीक अक्षरातली तिथी वाचायची. मी वेळ लिहायचे. पहिल्याच फेरीत पाटील रेघेवर उभा राहिला, डोळे बारीक केले आणि पुढे वाकला.

"दिसत नाही?" सरांनी विचारलं.

"दिसत नाही, सर." मग थोड्या वेळानं, "पण मला आधीपण दिसत नव्हतं ओ. चष्मा करायचा राहिलाय दोन वर्षं."

वयनी भिंतीला टेकून हसत होत्या आणि पदर डोळ्यांना लावत होत्या. सरांनी पाटलासाठी वेगळी रेघ मारली, भिंतीच्या जवळ, आणि तिच्यावर लिहिलं: 'पाटील.'

वाचायची पाळी माझी नव्हती, कारण कागदावर मी काही घेतलं नव्हतं. पण लिहिता लिहिता मी कागदावरून डोळे उचलून कॅलेंडरकडे बघायचे. अक्षरं पुसट झाली की काय असं प्रत्येक वेळी वाटायचं. एकदा सर पाणी प्यायला माझ्या मागून गेले आणि जाताना हळूच म्हणाले, "खालच्यान दुसरी ओळ." मी मनात वाचली. मार्गशीर्ष. ते थांबले होते. मी मान हलवली. ते पुढे गेले.

त्या रात्रीबद्दल वेगळं सांगण्यासारखं नाही. वाचलं, घेतलं, लिहिलं.

सोमवारी दुपारी चोवीस तास झाले. डॉक्टरीणबाईंनी पुन्हा सगळ्यांचे डोळे पाहिले आणि म्हणाल्या, तुम्ही सुटलात. किंवा त्या बाटलीत तसलं काही नव्हतंच. दोन्हीपैकी काय ते बाटली तपासल्यावर कळेल.

त्या गेल्यावर दादा सरांच्या पायाशी बसला. सहा फुटांचा माणूस. "सर, तपासूं नाकात. कळ्ळें जाल्यार पोलीस केस जातली. मे म्हयन्यांत माजें लग्न."

उरलेली जिन सरांनी तपकिरी रंगाच्या छोट्या बाटलीत ओतली, बूच मारलं, वर मेण ओतलं आणि लेबल लावलं. आत काय, कुणी भरलं, कधी भरलं. 'आत काय' पुढची जागा त्यांनी कोरी सोडली.

प्रयोगशाळेत ती तपासायला त्यांना अर्धा तास लागला असता. दगडातलं लोखंड दोन दशांशांपर्यंत सांगणारा माणूस. मी रोज वाट पाहायचे, की आज हाक येईल. महिने गेले. मे महिन्यात दादाचं लग्न झालं, त्याच महिन्याच्या शेवटी गोव्याचं राज्यही झालं, लग्नात आणि राज्याच्या समारंभात, दोन्हीकडे सर आले आणि दोन्हीकडे त्यांनी फक्त लिंबाचं सरबत घेतलं. गिमलेट त्यांनी त्या दिवसानंतर केलं नाही. बाटलीचा विषय काढायचा मला धीर झाला नाही. त्यांनाही तो झाला नव्हता, हे कळायला मला फार उशीर लागला. त्यांच्याबाबतीत मी सगळं गृहीत धरलं होतं, फक्त भीती सोडून.

राज्य झाल्यानंतरच्या दुसऱ्या की तिसऱ्या वर्षी त्यांनी वाचनाचा क्रम बदलला. "आदीं तूं वाच," म्हणाले. मी वाचायचे, लिहून पालथं घालायचे. मग ते ब्युरेटसमोर वाकायचे, वेळ घ्यायचे आणि म्हणायचे, "आता सांग तुझं." मी सांगायचे. "बरोबर. माझंही तेच."

असे किती महिने गेले मला सांगता येणार नाही. एका दुपारी मी मुद्दाम चुकीचा आकडा सांगितला. चोवीस दशांश दोनच्या जागी चोवीस दशांश सहा. काचेच्या नळीत द्रव कुठे आहे ते हातभरावरून कुणालाही दिसलं असतं.

"बरोबर," सर म्हणाले. "माझंही तेच."

टिपर जात होते, टेबल थरथरत होतं. मी म्हटलं, "सर, चुकलं माझं. दशांश दोन." ते वाकलेलेच राहिले. मग सरळ झाले, खिशातून पेन काढलं आणि माझ्या हातात दिलं. "आतांच्यान तूंच वाच," म्हणाले. त्या दिवसापासून सही त्यांची, आकडे माझे. दुसरं वाचन करायला कुणी उरलं नाही, आणि प्रत्येक जहाज पोचेपर्यंत मी तो आकडा वहीत पुन्हा पुन्हा बघायचे.

पणजीला डोळ्यांच्या डॉक्टरकडे वयनी आणि मी त्यांना घेऊन गेलो. डॉक्टरांनी मागच्या शिरेला इजा आहे असं सांगितलं. रक्तात साखरही निघाली. साखरेनंही होतं, दुसऱ्या कशानंही होतं, ते म्हणाले. मग वही पुढे ओढून विचारलं, "कधी खराब दारू घेण्यात आली होती का? बरीच वर्षं झाली असतील तरी सांगा."

"नाही," सर म्हणाले.

वयनींनी त्यांच्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. परत येताना ते माझ्याकडे तोंड करून म्हणाले, "शामाचीं भुरगीं ल्हान आसात." दादाची मुलं, एवढंच कारण. त्यांनी सगळ्यांत जास्त घेतली होती, आणि उताऱ्याचं माप मोजताना स्वतःचं शेवटी मोजायचे, हे मला तेव्हा आठवलं. फेणीची ती एकच बाटली होती, इतक्या जणांना रात्रभर पुरेल एवढी नव्हती. पहाटे ती संपत आली होती. शेवटचे दोन काढे मला मिळाले होते, हे नक्की. त्यांना काय मिळालं, ते माझ्या कागदावर नाही. त्यांच्या नावापुढे वेळ आहे, माप नाही.

ते निवृत्त झाल्यावर मी तुयेला एकदाच गेले. वयनी बाजारात होत्या. सर ओट्याशी उभे राहून लिंबाची साल काढत होते, सरबतासाठी. बोटानं चाचपून, पांढरा भाग न येऊ देता. एकही साल फाटली नाही. डब्यांवरची लेबलं आता मोठ्या अक्षरांत होती, पण ती ते वाचत नव्हते, झाकणं हुंगत होते. मला बसवलं, दादाच्या मुलांची चौकशी केली, प्रयोगशाळेत नवीन यंत्र आलं ते ऐकून घेतलं. मग कपाटाच्या वरच्या फळीवर हात फिरवून ती तपकिरी बाटली काढली आणि माझ्या पर्समध्ये स्वतः ठेवली.

"तपास," म्हणाले. "पूण म्हज्या फाटल्यान. आदीं नाका." ते गेल्यावर, असा त्याचा अर्थ.

"आणि काही निघालं तर?"

"तर लेबल पुराय कर."

"आणि नाही निघालं तर, सर?"

"तरीय पुराय कर. लेबल अर्दें दवरूं नये."

ते फाटकापर्यंत सोडायला आले. रस्त्यावर बस थांबून सुटली. ती मला घ्यायला थांबली असं त्यांना वाटलं. ती माझी नव्हती, मी फाटकाला लागूनच उभी होते, त्यांच्यापासून दोन हातांवर. सरांनी गुलाबी न झालेल्या पांढऱ्या बाहीचा हात वर केला आणि बसच्या आवाजाच्या दिशेनं हलवत राहिले, आवाज वळणावर संपेपर्यंत. मग वळून, पावलं मोजल्यासारखी टाकत घरात गेले. मी हाक मारली नाही.

सरांना जाऊन सहा वर्षं झाली. वयनी मुलीकडे असतात. दादा दर रविवारी मासळी घेऊन येतो, ओट्याशी बसून स्वतः कापतो, आणि पाठमोरा असताना मी त्याच्याकडे बघत राहते. त्याचा मोठा मुलगा आता शिपवर लागला, धाकटी शिकतेय. ल्हान कुणी राहिलं नाही. म्हापशाला खासगी प्रयोगशाळा आहे, मी चौकशी करून ठेवली आहे: मेण तसंच हवं, दोन दिवसांत निकाल देतात, नाव सांगायची सक्ती नाही.

सोमवारची यादी आज करून ठेवली. विजेचं बिल. दूधवाल्याला सांगणे. दाताच्या डॉक्टरची वेळ. म्हापसा, बाटली. वरची कामं दर आठवड्याला बदलतात आणि होतात. बाटलीचं तेवढं दर वेळी पुढच्या कागदावर उतरवून घेते.